गोड्या पाण्याचे दोन एकर

मी एक बाक. सागवानी, चार पायांचा, बिनपाठीचा. अमरावतीच्या राजापेठेत चिंतामण वकिलांच्या ऑफिसबाहेरच्या पडवीत मी उभा आहे आणि आज मी बोलणार आहे. कोर्टात बोलायचं तर आधी शपथ घ्यावी लागते, आणि मग कुणीतरी 'विचारलं तेवढंच सांगा' म्हणून गप्प बसवतं. मला कुणीच काही विचारलेलं नाही. म्हणून सगळं सांगतो.

चिंतामण वकील गेले तेव्हा पेपरात मोठी बातमी आली. ज्येष्ठ विधिज्ञ, ग्रंथकार, गोरगरीब बहिणींना न्याय मिळवून देणारा दिवाणी वकील, वगैरे. फोटोही चांगला होता. बातमीत एक शब्द खोटा नव्हता. पण त्या बातमीत दुर्गाबाई कुठेच नव्हती. बातमी लिहिणारा इथं आला होता. माझ्यावर बसून चहा प्याला, आणि ज्या लाकडावर ती बाई उभी हयात बसली त्यावर कप ठेवून निघून गेला.

माझा जन्म अकोल्याचा. जुन्या शहरात, मोर्णेच्या बाजूच्या एका गल्लीत गोवर्धन सुताराचं दुकान होतं. कापसाची एक जुनी जिनिंग पाडली गेली, तिच्या छपराचं लाकूड त्यानं उचललं. त्या लाकडाचा मी. तेव्हा चिंतामण अकोल्यात जठारपेठेत खुशालराव वकिलांकडे ज्युनियर होते. स्वतःची वकिली मांडायची म्हणून बाक करायला आले.

"पाठ नको," ते म्हणाले.

गोवर्धननं रंधा थांबवला. "काहून? बिनपाठीचा बाक म्हंजे बिनशेपटीचा बैल, वकीलसाब."

"आमचे खुशालराव सांगतात, पक्षकाराला पाठ टेकू द्यायची नाही. एकदा टेकला की तो उठत नाही. सगळी रामकहाणी ऐकवतो. आपल्याला कहाणीतलं कामाचं तेवढं हवं असतं."

"बरं बाप्पा. तुमी म्हनता तं तसं."

असा मी बिनपाठीचा झालो. तेव्हा मला त्यात काही वाईट वाटलं नाही. नव्या लाकडाला आपण कशासाठी घडतोय हे कुठं कळतं.

पुढे त्यांच्या बायकोला, कुंदाबाईंना, अमरावतीला शाळेत नोकरी लागली आणि बिऱ्हाड राजापेठेत आलं. मी मेटॅडोरमध्ये पाय वर करून आलो. पुढच्या खोलीत टेबल, खुर्ची, कपाटं. बाहेर पडवीत मी. दार उघडंच असायचं, त्यामुळे आतलं सगळं मला ऐकू यायचं.

चिंतामण वकील कसे होते हे मी सांगतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्यांना वाईट म्हणाल, आणि ते मी ऐकून घेणार नाही. ते सज्जन होते. फौजदारी वकिलांच्या गाड्या बदलत गेल्या, यांची पुस्तकं वाढत गेली. वाटण्या, धुऱ्याचे म्हणजे बांधाचे वाद, वहिवाटीचे रस्ते, विहिरीतले हिस्से, हेच त्यांचं आयुष्य. तारखेला कधी उशिरा गेले नाहीत, विनाकारण तारीख मागितली नाही. कायदा मराठीत लिहिला गेला पाहिजे, खेड्यातल्या माणसाला कळला पाहिजे, हा त्यांचा ध्यास. त्यासाठी ते लिहीत बसायचे. मुन्शी देवीदास म्हणायचा, "साहेब, पक्षकार बाहेर सुकून राहिले." तर हे म्हणायचे, "हा परिच्छेद होऊ दे." मुन्शी म्हणजे वकिलाचा कारकून. देवीदास हा असा कारकून होता की जो देवाच्या दारातही आधी वकालतनाम्यावर सही मागेल.

दुर्गाबाई पहिल्यांदा आली ती भावाबरोबर, नत्थुजीबरोबर. दर्यापूरकडच्या एका गावाहून, यष्टीनं. ती या टोकाला बसली, तो त्या टोकाला. मध्ये तिनं डबा ठेवला, उघडला आणि ज्वारीची भाकर मोडून अर्धी त्याला दिली. ठेच्याची गोळी त्याच्या भाकरीवर ठेवली. देवीदास बाहेर आला.

"बाई, तुमाले दावा कोनावर टाकायचा हाये?"

"ह्याच्यावर," दुर्गाबाई म्हणाली. तोंडात घास होता.

देवीदासनं नत्थुजीकडे पाहिलं. "हे प्रतिवादी? आन् आपल्या बाकावर?"

"बाकावर बसाले स्टॅम्प लागते का, मुन्शीजी?" नत्थुजी म्हणाला. "आमचं भांडन कोर्टात हाये. यष्टीत नाही."

मी आजवर बरेच वादी-प्रतिवादी वाहिले, पण असे पाहिले नव्हते. नंतर मला कळलं की आपल्या भागात असे पुष्कळ असतात. एकाच मोटरसायकलवर तारखेला येतात, एकाच टपरीवर चहा घेतात आणि पुकारा झाला की एकमेकांकडे पाठ करून उभे राहतात.

दावा असा होता. बापानं कष्टानं सात एकर केली. तो गेला. तेरवीला पाव्हणे जमले, आणि आपल्याकडे जे होतं ते झालं. चार म्हाताऱ्यांनी दुर्गाबाईकडे पाहिलं आणि ती पदरानं डोळे पुसत म्हणाली, "मले काई नको. भावाचं घर भरलं राहो." बहीण असं म्हणतेच. न म्हणेल तर माहेर तुटतं. दुसऱ्या दिवशी तलाठ्यापुढे तेच बोलली, अंगठा दिला, आणि सातबाऱ्यावरून तिचं नाव गेलं. मग तिचा नवरा गेला, सासरच्यांनी काढून दिलं आणि ती गावाला परत आली. भावाच्या गोठ्यामागच्या खोलीत राहायची आणि लोकांच्या वावरात निंदणाला जायची. कधी भावाच्याही. बापाच्या जमिनीत मजूर म्हणून.

"भाऊ भाकर देते," ती चिंतामण वकिलांना म्हणाली. "नाही म्हनलं तं पाप लागीन. पन मागून घेतलेली भाकर गिळता येत नाही, साहेब. मले माही पायजे."

"तुम्ही 'नको' म्हणालात ते रडत म्हणालात की विचार करून?"

"बाप मेल्ता. इचार कोन करते?"

चिंतामण वकील पेन खाली ठेवून तिच्याकडे बघत राहिले. त्यांना पक्षकार नव्हे, प्रश्न सापडला होता. शोकात, माहेर तुटायच्या भीतीनं तोंडानं बोललेल्या 'नको'ला कायद्यात किंमत द्यायची का? जमिनीवरचा हक्क नोंदणीच्या कागदाशिवाय नुसत्या बोलण्यानं जातो का? त्या दिवसापासून दुर्गाबाईची साडेतीन एकर हा त्यांचा ध्यास झाला. तिला तिच्या हयातीत जमीन मिळावी, एवढंच त्या बाईचं मागणं. ते लक्षात ठेवा. मी तरी दुसरं काही लक्षात ठेवलेलं नाही.

खालच्या कोर्टात जिंकले. वरच्या कोर्टात हरले. तलाठ्यापुढचा अंगठा तिथं पुरेसा ठरला. मग नागपूरला उच्च न्यायालयात अपील. तिथं प्रकरण जे पडलं ते पडलं. कोर्टाला सुट्ट्या असतात, वकिलांना लग्नं असतात, न्यायाधीशांच्या बदल्या असतात. फक्त पक्षकाराला वय असतं. तरी चौकशीला म्हणून दोघं येत राहिली. तीच यष्टी, तोच डबा. दुर्गाबाई उतरली की आधी कंबर धरायची. मला पाठ नव्हती, म्हणून ती हात मागे टेकून बसायची.

आणि मग तो दिवस. उन्हाळा होता, पडवीत पाणी मारलेलं होतं. नत्थुजी भाकर मोडता मोडता म्हणाला, "दुर्गे, इहिरीपासचे दोन एकर घे आन् सोड हे. तुह्या वहिनीले मी पाहतो."

दुर्गाबाईचा हात थांबला. "इहिरीपासचे?"

"तं का नाल्याकडचे देईन तुले? बहीन हायेस का दुस्मन?"

"आन् पानी?"

"पानी दोघाइचं. एक दिस तू, एक दिस मी. माळवं लाव. कोनाच्या निंदनाले जाऊ नको आता, मले लाज वाटते."

ज्यांना आमचा मुलूख माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा. वरची माती काळी, लोण्यासारखी. खाली पाणी खारं. विहीर खणा, बोअर मारा, मीठच लागतं. पिकाला दिलं तर पीक जळतं, माणसाला दिलं तर माणूस झिजतो. अशा मुलखात एखाद्याच्या वावरात गोड झरा लागला तर लोक त्या विहिरीला नारळ फोडतात. नत्थुजीच्या वावरातली विहीर गोडी होती. बापानं खणलेली. भाऊ बहिणीला दोन एकर देत नव्हता. पाणी देत होता.

दुर्गाबाई आत गेली. जाताना तिचा चेहरा मी पाहिला नाही, पण ती उठली तेव्हा कंबर धरायची विसरली.

"साहेब, भाऊ दोन एकर देतो म्हनते."

चिंतामण वकील लिहीत होते. "दोन? सातातले अर्धे किती होतात, दुर्गाबाई?"

"साडेतीन."

"मग?"

"पन तिथलं पानी गोड हाये, साहेब."

"पाण्याचं नंतर बघू. आधी हक्क." त्यांनी चष्मा काढला. आवाज मऊ झाला. "हे बघा. तुम्ही आज दोनावर समजूत केली, तर आपल्याविरुद्ध गेलेला निकाल तसाच राहील. म्हणजे बाप गेल्यावर रडत रडत 'नको' म्हणालेली प्रत्येक बहीण कायमची हरली. तुमची केस आता तुमची एकटीची नाही राहिली."

ते खरं होतं. ती उभीच होती. तिला खुर्ची दाखवली असती, ती बसली असती, पाठ टेकली असती, तर कदाचित पाण्याचं सगळं सांगितलं असतं. विहीर बापानं कशी खणली, पहिली कळशी कुणी प्याली, सगळं. पण साहेबांचं पेन पुन्हा चालू झालं.

"तुमी म्हनसान तसं," ती म्हणाली.

बाहेर नत्थुजीनं विचारलं, "काय म्हने?"

"साहेब नाही म्हनते."

नत्थुजीनं डब्याचं झाकण लावलं. "मंग साहेबालेच इचारून घे, यष्टीत तुह्या बाजूले बसू का नको तेही."

त्यानंतर तो माझ्यावर कधी बसला नाही. समोरच्या कडुनिंबाखाली उभा राहायचा. दुर्गाबाई त्याचा भाकरीचा वाटा फडक्यात गुंडाळून तिथं नेऊन द्यायची. तो घ्यायचा. पण बोलायचा नाही.

नागपूरचा निकाल लागला. जिंकले. पेढे आले, देवीदासनं माझ्यावर पेढ्याचा डबा ठेवला, गल्लीतल्या लोकांनी येऊन खाल्ले. निकाल कायद्याच्या नियतकालिकात छापून आला. 'दुर्गाबाई विरुद्ध नत्थुजी' हे नाव वकिलांच्या तोंडी झालं. मग साहेबांचं पुस्तक आलं, ज्यासाठी ते आयुष्यभर लिहीत होते. त्याचा गाभा एका वाक्यात होता: जमिनीबाबत तोंडानं बोललेल्या शब्दानं हक्क जातही नाही आणि येतही नाही. ते वाक्य दाखवून किती बहिणींनी सातबाऱ्यावर नाव परत लावून घेतलं, ते मी या पडवीत पाहिलंय. बाया माझ्यावर बसून रडल्या, आनंदानं. हे मी नाकारत नाही. नाकारलं तर मीही त्या बातमीवाल्यासारखाच होईन.

अकोल्याला सत्कार झाला. साहेबांना शाल आणि मानपत्र. दुर्गाबाईला पहिल्या रांगेत बसवलं होतं, तिलाही नारळ मिळाला. जमीन मिळाली नव्हती.

कारण, मंडळी, शेतजमिनीच्या वाटपाच्या दाव्यात कोर्ट फक्त हिस्सा सांगतं. प्रत्यक्ष तुकडे पाडायला कागद जातो महसुलाकडे. तिथून तहसिलीत, तिथून मोजणीवाल्यांकडे. पावसाळ्यात मोजणी नाही, कपाशी उभी आहे. हिवाळ्यात नाही, हरभरा उभा आहे. उन्हाळ्यात वावर मोकळं असतं, तेव्हा तिथले साहेब निवडणुकीच्या कामाला. कागद हरवला म्हणाले, नक्कल द्या. नक्कल दिली, तर साहेब बदलले. नव्या साहेबांना मूळ कागद पाहिजे. मला संताप येतो. लाकडाला येऊ नये, पण येतो. ज्या देशात जिंकलेल्या माणसाला हरलेल्यापेक्षा जास्त चपला झिजवाव्या लागतात तिथं पेढे वाटतात कशाचे?

मग एकदा दुर्गाबाई एकटीच आली. नेहमीच्या टोकाला बसली. दुसरं टोक मोकळं. डबा उघडला, भाकर मोडली, अर्धी हातात तशीच राहिली.

देवीदास आला. "आज प्रतिवादी कुठं?"

"गेला."

देवीदासला कळायला वेळ लागला. मग तो आत जाऊन कागद घेऊन आला. त्याचाही इलाज नव्हता, वारसांची नावं चढवल्याशिवाय प्रकरण पुढे सरकत नाही. लिहिता लिहिता तो पुटपुटत होता, "प्रतिवादी मयत, वारस मुलगा किशोर..."

"मुन्शीजी, आज प्रतिवादी नका लिहू. भाऊ लिहा."

देवीदासनं कागदावरच्या रकान्यांवरून बोट फिरवलं. "तसा रकाना नाही, बाई."

आणखी कितीतरी दिवसांनी मोजणी झाली, नकाशा आला. टेबलावर जागा नव्हती म्हणून साहेबांनी तो माझ्यावरच पसरला. उत्तरेचा तुकडा, दक्षिणेचा तुकडा. देवीदासनं पट्टी लावली, साहेबांनी आकडे तपासले. दोन्ही सारखे, गुंठ्याचाही फरक नाही. वहिवाट किशोरची, म्हणून विहिरीकडचा उत्तरेचा तुकडा त्याला आणि नाल्याकडचा दुर्गाबाईला.

"साडेतीन," साहेब म्हणाले. "पूर्ण साडेतीन, देवीदास."

"बाईले दाखवायचा का आधी?"

"तिला उगाच यष्टीचा त्रास कशाला? क्षेत्र बरोबर आहे."

आणि त्यांनी 'हरकत नाही' लिहून सही केली. नकाशावर विहिरीची खूण होती, एक छोटा गोल. पाण्याची चव नकाशात दाखवत नाहीत.

ताब्याच्या दिवशी साहेब गावाला गेले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. त्या सात एकरांवर त्यांनी पानंच्या पानं लिहिली होती, तीन कोर्टांत उभं राहून बोलले होते, पण वावर पाहिलं नव्हतं. दिवाणी वकील कागद पाहतो, वावर पाहत नाही. तीच या धंद्याची रीत.

संध्याकाळी परत आले ते आत गेले नाहीत. माझ्यावर बसले. मालक असून माझ्यावर कधी बसले नव्हते. मागे टेकायला गेले, पाठ नाही हे लक्षात आलं आणि तसेच वाकून राहिले. कुंदाबाई पाणी घेऊन बाहेर आल्या.

"आधी हे पी, कुंदा." त्यांनी पिशवीतून बाटली काढली.

कुंदाबाईंनी घोट घेतला आणि लगेच पडवीबाहेर थुंकला. "अहो, हे काय? मीठ आहे नुसतं."

"दुर्गाबाईच्या हिश्श्यातलं पाणी. तिथल्या बोअरचं." त्यांनी बाटली परत घेतली, ती कलंडली, पाणी माझ्यावर सांडलं. "मी तिला विचारलं, बाई, तुम्ही बोलला का नाहीत? तर म्हणाली, बोलली होती ना साहेब, तुमी म्हनले नंतर पाहू."

कुंदाबाई शाळेत शिकवत होत्या, पोरांची उत्तरं चुकली की लाल शाईनं गोल करायची सवय. इथं कशाभोवती गोल करणार?

साहेब म्हातारे झाले होते, पण दुसऱ्या दिवसापासून पुन्हा कामाला लागले. अर्ज लिहिला. वाटप क्षेत्रावर नको, पाण्यावर करा. प्रतिवादीनं स्वतः विहिरीकडचे दोन एकर द्यायचं कबूल केलं होतं, तेच द्या, बाकी दीड एकर सोडायला वादी तयार आहे. सुनावणीला देवीदास बरोबर गेला होता. परत आल्यावर त्यानं माझ्यावर बसून कुंदाबाईंना सांगितलं. साहेब आत पडून होते.

"किशोरच्या वकिलानं साहेबाइचंच पुस्तक काढलं, बाई. जमिनीबाबत तोंडानं बोललेल्या शब्दानं हक्क जातही नाही आणि येतही नाही. वाचलं आन् म्हनला, नत्थुजी काय बोलले असतील ते तोंडी होतं, आन् सही तं यांचीच हाये हरकत नाही म्हनून. कोर्टानं साहेबाइकडे पाह्यलं. साहेबाइनं मान खाली घातली."

"मग?"

"फेटाळला. मी म्हनलं, साहेब, अपील करू. तं म्हने, निकाल बरोबर आहे, देवीदास. मी खुर्चीत असतो तर हाच दिला असता."

त्यानंतर त्यांनी एकच काम केलं. देवीदासला सांगून मला ओढून भिंतीला लावलं, म्हणजे दुर्गाबाई आली की तिला टेकता येईल. स्वतःही रोज तिथं बसायचे. लोक म्हणायचे, वकीलसाहेब आता निवांत झाले. मला माहीत आहे ते किती निवांत होते. भिंतीला टेकलेली त्यांची पाठ माझ्यापासून वीतभर दूर होती, तिचं हलणं मला कळायचं. माणूस आवाज न करता रडतो तेव्हा पाठ हलते.

दुर्गाबाई त्यानंतर आली नाही. साहेब वाट पाहत गेले. शेवटी छातीत पाणी झालं, दवाखान्यात नेलं, तिथून घरी आलेच नाहीत.

आता ऑफिसच्या खोलीत क्लास आहे. कुंदाबाईंनी भाड्यानं दिली. वकिलीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करून घेतात. मी पुन्हा भिंतीपासून दूर झालोय, मुलांच्या चपलांसाठी जागा पाहिजे. माझा एक पाय हलतो. माझ्यावर दप्तरं पडतात, हेल्मेटं पडतात. क्लासवाल्यांनी प्लास्टिकच्या खुर्च्या सांगून ठेवल्यात.

गेल्या आठवड्यात एक मोटरसायकल दारात थांबली. किशोर होता, मागे दुर्गाबाई. वाकली होती. ती उतरून आली आणि तिच्या त्याच टोकाला बसली, दुसरं टोक मोकळं ठेवून. किशोर गाडीवरच बसून राहिला. कुंदाबाई बाहेर आल्या आणि त्या मोकळ्या टोकाला बसल्या. नत्थुजीच्या जागी.

आतून सरांचा आवाज येत होता. "दुर्गाबाई विरुद्ध नत्थुजी. अधोरेखित करा. हे येणारच."

दुर्गाबाईनं मान वर केली. "माहं नाव घेऊन राह्यले."

"तुमची केस शिकवतात."

"जितली ना मी त्याच्यात?"

"हो," कुंदाबाई म्हणाल्या. "जिंकलात."

दुर्गाबाईनं पदरानं तोंड पुसलं. मग कुंदाबाई घाईघाईनं बोलू लागल्या. साहेबांचे विद्यार्थी नागपूरला आहेत, मोठे वकील झालेत, मी फोन करते, अजून काहीतरी करता येईल, विहिरीत पाण्याचा हिस्सा तरी मागता येईल.

"नको बाई," दुर्गाबाई म्हणाली. "मले काई नको."

ज्या तीन शब्दांना कायद्यात किंमत नाही हे सिद्ध करायला एका विद्वान माणसानं आयुष्य घातलं, ते तीन शब्द ती त्याच्याच दारात बसून बोलली. या वेळी रडत नाही. विचार करून.

रस्त्यावरून किशोर ओरडला, "आत्या, चाल वं! ऊन वाढून राह्यलं."

"आली रे." तिनं पिशवीतून बाटली काढली. स्टीलची, बाहेरून पाणी सुटलेली. "इहिरीचं हाये. किशोरले म्हनलं एक बाटली भरू दे. साहेबाले पाजायचं होतं कधीचं. यष्टीतून आनाव तं तापून जाय. राहूनच गेलं."

कुंदाबाईंनी बाटली तोंडाला लावली. एक घोट घेतला आणि डोळे मिटले. उरलेलं पाणी आत नेलं; फोटोपुढे ठेवलं असेल, किंवा सगळं पिऊन टाकलं असेल. मला पडवीतून दिसलं नाही.

बाटली माझ्यावर ठेवली होती तिथं एक ओला गोल उमटला होता. दुपारपर्यंत वाळून गेला, काही खूण नाही. साहेबांच्या हातून खारं पाणी सांडलं होतं त्याचा पांढरा डाग मात्र अजून आहे. पुसून जात नाही.

प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या की मला कुणीतरी घेऊन जाईल. जो नेईल त्याला एवढंच सांगतो. मला चुलीत घालायचं असेल तर घाला, माझं लाकूड चांगलं जळेल. पण बसायला ठेवणार असाल तर आधी एक पाठ लावा. टेकलेला माणूस लवकर उठत नाही म्हणतात. नाही उठला तर नाही उठला. बसू द्या त्याला. त्याचं वाक्य पुरं होऊ द्या.